नातेवाइकाच्या रकान्यातली रेघ

मंगळवार, रात्री साडेनऊ.

स्कॅन झाला. रिपोर्ट उद्या संध्याकाळी पाचनंतर मिळेल. आजची नोंद एवढ्यावर संपायला हरकत नव्हती, कारण शस्त्रक्रियेला तीन वर्षे होत आली आणि आतड्याच्या या दुखण्यात वर्षातून एकदा छाती-पोटाचा सीटी, मधूनमधून सीईएची, म्हणजे कर्करोगाची खूण शोधणारी, रक्ततपासणी, हा आता नेमच झाला आहे. मंजूही पहाटे फोनवर "बाबा, रुटीनच आहे ना?" म्हणाली आणि मीही "हो, रुटीनच," म्हणालो. तरी जेवण झाल्यावरसुद्धा एक रेघ मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

रेघ संमतिपत्रावरची. शिरेतून जे औषध सोडतात ते क्वचित एखाद्याला सोसत नाही, म्हणून आधी मूत्रपिंडे नीट चालतात का ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहतात, दमा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारतात आणि खाली दोन सह्या घेतात, एक रुग्णाची आणि एक नातेवाइकाची. माझी सही होताच काउंटरवरच्या मुलीने कागद आपल्याकडे ओढला, माझ्या पाठीमागे एकदा पाहिले आणि न विचारता दुसऱ्या रकान्यात आडवी रेघ मारली. विचारले असते तर मी सांगितलेच असते की कोणी नाही. मागच्या दोन्ही खेपांना तो रकाना सुधाने भरला होता. नाव, नाते, फोन, सगळे तिच्या त्या तिरप्या अक्षरात, आणि 'नाते' या शब्दापुढे तिने जे लिहिले होते... असो.

चौतीस वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली, त्यामुळे रेघ दिसली की आधी तिचे नाव आठवते. आखूड असली तर संयोगचिन्ह, दोन शब्दांना जोडणारे. लांब असली तर अपसारणचिन्ह, बोलता बोलता विचार तुटला की येणारे. त्या मुलीची रेघ मध्यम लांबीची होती. तिला कशातच बसवता येत नव्हते आणि मला वाटते, राग आला तो त्याचाच. रकाना कोरा राहू नये, एवढाच तिचा अर्थ होता, हे मला कळत होते. कळले म्हणून राग गेला नाही.

मग लिटरभर औषधी पाणी तासाभरात घोट घोट प्यायचे. पोटात सकाळपासून काही नाही, आणि बाकावर जो तो दोन-दोन माणसे घेऊन आलेला. कुणाचा थर्मास, कुणाची उशी. मी मात्र फाइल, छत्री आणि पाकीट मांडीवर घेऊन, आत जाताना हे कुणाकडे द्यायचे याचा विचार करत होतो. अर्धी बाटली संपेपर्यंत माझ्याइतका एकटा माणूस पुणे शहरात नाही, असा माझा निष्कर्ष निघाला होता.

तेवढ्यात शेजारच्या बाईंचे नाव पुकारले. अंगावरचे धातूचे सगळे काढून ठेवा, असे सिस्टर म्हणाल्या. मुलगा खाली पैसे भरायला गेलेला. बाईंनी मंगळसूत्र आणि जोडवी रुमालात बांधली, इकडेतिकडे पाहिले आणि ती गाठ सरळ माझ्या हातात ठेवली. "भाऊ, पोरगं येस्तोवर एवढं धरा." नाव नाही, नाते नाही, सही नाही. पुढची वीस मिनिटे मी दोन्ही हातांनी ते सोने सांभाळत बसलो, आणि तेवढे पाणी पोटात असताना लघवीला जाण्याचीही सोय उरली नाही. मुलगा आला, त्याने आधी गाठीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि ओशाळून विचारले, "काका, तुमचं पेशंट आत गेलंय का?"

"अजून नाही," मी म्हणालो, "इथंच बसलंय."

त्याला कळायला क्षणभर लागला. नंतर माझी छत्री आणि पाकीट त्यानेच धरले.

यंत्रातले विशेष काही नाही. श्वास घ्या, रोखा, सोडा. औषध शिरेत शिरले की घशापासून कंबरेखालपर्यंत ऊब पसरते आणि कपडे ओले झाले की काय अशी शंका येते. ती दरवेळी खोटी ठरते आणि तरी दरवेळी येते. जीभ धातूसारखी लागत असताना आठवत होते की या चित्रांतला करडेपणा ज्या मापाने मोजतात त्यात पाणी म्हणजे ० आणि हवा म्हणजे उणे १०००, म्हणजे तिथेही आकड्याआधी रेघ आहेच. माप ज्याच्या नावाचे, त्या हाउन्सफील्डला या यंत्रासाठी १९७९ चे नोबेल मिळाले, तेही एकट्याला नव्हे, कॉरमॅकसोबत.

सुई काढताना सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी कुणाला तरी घेऊन या, आजोबा." 'आजोबा'वर आज लिहीत नाही. रिक्षात नावे आठवून पाहिली. नंदूला रजा मिळत नाही, ताईचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. राहिले कुलकर्णी. ते आनंदाने येतील, पण रिक्षातून उतरताना मलाच हात द्यायला लावतील, आणि तासभर बाकावर त्यांच्या प्रोस्टेटची कथा ऐकावी लागेल, म्हणजे सही त्यांची आणि सोबत माझी.

उद्या पाचला रिपोर्ट आणायला येता का, असे सकाळी त्यांना विचारून पाहतो. आता औषध बाहेर पडावे म्हणून आणखी दोन तांबे पाणी प्यायचे आहे. झोपेचे आज खोबरे होणार.