जाते नाही, येते

"एवढ्याशा पोराला घरी ठेवून कामावर जायला जीव कसा धजतो तुमचा? अपराधी नाही का वाटत?" माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे, मुलगा पाच. इतकी वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. विचारणाऱ्यांपैकी काहींना उत्तर नकोच असतं, त्यांना फक्त बोलून घ्यायचं असतं. पण परवा माझ्याच ऑफिसातल्या एकीनं विचारलं. तिची रजा पुढच्या महिन्यात संपतेय आणि विचारताना तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

वाटतं. पण तुम्हाला वाटतं त्या गोष्टीचं नाही.

मुलगी सात महिन्यांची असताना मी कामावर परतले. पहिले दोन महिने ती हसत हसत मावशींच्या कडेवर जायची. नवव्या महिन्यात अचानक सगळं फिसकटलं. मी चप्पल घातली की ही टाहो फोडायची. मला वाटलं, संपलं, माझ्या नोकरीनं लेकीचं काहीतरी कायमचं बिघडवलं. डॉक्टरांनी समजावलं की हे वयच तसं असतं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमाराला बाळाला कळायला लागतं की समोर नसलेली वस्तूसुद्धा कुठेतरी असते. म्हणजे आईही कुठेतरी आहे, आणि आपल्याजवळ नाही. ही रड दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असते, मग हळूहळू ओसरते. दिवसभर घरी असणाऱ्या आयांची बाळंही आई नुसती आंघोळीला गेली तरी रडतात.

मावशी म्हणाल्या, "ताई, ती खेळण्यात गुंतली की गुपचूप सटका." मला ते पटलं. आठवडाभर मी चोरासारखी दार लावून घेत राहिले. रडणं ऐकावं लागलं नाही, पण त्या आठवड्यात मुलगी माझा पदर सोडेना. संध्याकाळी मी घरात असतानाही ती खेळता खेळता मान वळवून बघायची, आहे का. रात्री दोन-दोनदा दचकून उठायची. आई कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकते, हे तिला मी शिकवलं होतं. मला खरं अपराधी वाटतं ते त्या आठवड्याचं.

मग ते बंद केलं. रोज तिच्यासमोर खाली बसायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं, "आई कामाला चाललीय. दिवे लागले की येते." रडली तरी सांगायचं. सांगितल्यावर घुटमळायचं नाही, परत परत जवळ घ्यायचं नाही, निघायचं. आपल्या भाषेत निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. लहानपणी मी चुकून 'जाते' म्हणाले की आजी रागवायची, तेव्हा मला त्यात नुसता शकुन-अपशकुन दिसायचा. आता वाटतं, बाळाला निरोपाच्या वेळी हवा असलेला नेमका शब्द तोच आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही ओढणी तोंडावर घेऊन 'बुवा कुक' खेळायचो, ते खेळणंही मला तेव्हापासून वेगळं वाटायला लागलं. चेहरा जातो आणि येतो. शंभर वेळा जातो, शंभर वेळा येतो. तीनेक आठवड्यांत दारातलं रडणं दोन मिनिटांवर आलं.

आता दुसरी भीती. मुलांवर परिणाम होतो का? अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या तेराशेहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून एक मोठा अभ्यास झाला. मुलगी लहान असताना मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. त्यात दिसलं की मूल दिवसा दुसऱ्या कुणाकडे असतं एवढ्यानं आईशी असलेला लळा सैल होत नाही. आई जवळ असते तेव्हा मुलाच्या हाकेला कशी ओ देते, याचा हिस्सा मोठा असतो. दोन गोष्टी मात्र लपवणार नाही. घरात आई तुटकपणे वागत असेल आणि बाहेरचा सांभाळही वाईट असेल, तर या दोन्हींनी मिळून नुकसान होतं. आणि फार जास्त तास पाळणाघरात गेलेल्या मुलांमध्ये हट्ट, भांडखोरपणा थोडा जास्त आढळला. थोडाच, पण आढळला. म्हणून सांभाळणारं माणूस निवडताना मी पगाराचा, सोयीचा विचार मागे ठेवला आणि एकच गोष्ट बघितली. मूल रडलं की हे माणूस आधी त्याच्याकडे बघतं की आपल्याकडे?

परतल्यानंतरचे दुधाचे महिने कठीण गेले. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं आणि फ्रिजमध्ये चार दिवस, हा हिशेब डोक्यात धरून मी मीटिंगांना बसायचे. दूध काढायला जागा म्हणून जुन्या फायलींची खोली मिळाली होती, तिला आतून कडी नव्हती. मी दाराला खुर्ची लावून बसायचे आणि बाहेर पडताना आभार मानायचे. आज ते आठवलं की राग येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवड्यांची रजा आहे आणि स्तनपानासाठी कामाच्या वेळात सुट्टी हा बाईचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही आभार मानू नका, कडी मागा.

दुसरं असं, की "गरज म्हणून करते हो नोकरी" असं म्हटलं की लोक लगेच नरमतात. मीही काही वर्षं तसंच म्हणायचे. पैशाची गरज आहेच. पण मला माझं काम आवडतं, त्यात मला गती आहे, आणि हे मुलांना कळलेलं मला हवं आहे. घरात हिशेब मांडतानाही एक गोष्ट सतत व्हायची, पाळणाघराचा खर्च माझ्या पगारातून वजा केला जायचा आणि "मग उरतंच काय?" असं विचारलं जायचं. मूल दोघांचं असेल तर तो खर्च दोघांच्या पगारातून वजा करा. शिवाय आज उरणाऱ्या पैशातच सगळं येत नाही. पाच वर्षं थांबलेली बाई परत येते तेव्हा तिची जागा, तिचा अनुभव, तिची निवृत्तीची शिल्लक तिची वाट बघत थांबलेली नसते.

२०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी एक गोष्ट स्पष्ट मांडली आहे. काही नोकऱ्या वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त देतात. मग मूल झालं की जोडप्यातला एक जण ती नोकरी धरतो आणि दुसऱ्याला, बहुतेकदा बाईला, घरच्या हाकेसाठी मोकळं राहावं लागतं. आमच्या घरी अगदी हेच घडलं. मुलगी दोन वर्षांची असताना आलेली बढती मी नाकारली. ते अजून सलतं. मुलाच्या वेळी मात्र आम्ही पाळ्या लावल्या. ही दोन वर्षं माझी, पुढची दोन ह्यांची. ह्यांनीही एक चांगली बदली सोडली, आणि ते सोडताना काय होतं हे पहिल्यांदा त्यांना कळलं.

कामं वाटून घेणं त्या मानानं सोपं गेलं. आठवण वाटून घेणं अवघड होतं. लसीची तारीख, घट्ट झालेले बूट, शाळेचा फॉर्म, संपत आलेलं औषध हे सगळं माझ्याच डोक्यात. हे मनापासून म्हणायचे, "तू नुसतं सांग, मी करतो." पण सांगण्यासाठी लक्षात कुणी ठेवायचं? जगभरातल्या घरकामाच्या आणि संगोपनाच्या बिनपगारी कामातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त काम बायका करतात असं श्रम संघटनेनं २०१८ साली मोजून सांगितलं, आणि या आठवणीचं ओझं तासांत कुठे मोजायचं? शेवटी मुलांची तब्येत हे अख्खं खातं मी ह्यांना देऊन टाकलं. फाईल, डॉक्टर, तारखा सगळं. पहिल्या वर्षी एक लस तीन आठवडे उशिरा झाली. मी जीभ चावून गप्प राहिले, कारण मी तोंड उघडलं असतं तर ते खातं त्याच दिवशी माझ्याकडे परत आलं असतं. आता औषध संपायच्या आत मला न विचारता आलेलं असतं. शाळा मात्र अजूनही फोन मलाच करते, फॉर्मवर वडिलांचा नंबर पहिला लिहिलेला असूनही. मी दर वेळी शांतपणे सांगते, "त्याच्या बाबांना लावा."

मागच्या महिन्यात मुलाला मी सांगून गेले, दिवे लागले की येते. काम अडलं आणि घरी पोचायला साडेनऊ झाले. तो पलंगावर नव्हता, दाराजवळच्या चटईवर झोपला होता. ताईनं उठवायचा प्रयत्न केला तर म्हणाला होता, आई येणार आहे. सकाळी त्याला मांडीवर घेऊन मी कामाचं कारण सांगितलं नाही. "मी येते म्हणाले आणि आले नाही. माझं चुकलं," एवढंच म्हटलं. त्यानं विचारलं, "आज दिवे लागले की येणार?" त्या दिवशी ते माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, "नाही. आज तू झोपल्यावर येईन. सकाळी उठशील तेव्हा शेजारी असेन." तो रडला. मग डबा घेऊन शाळेत गेला.