तबकडीवरची 'चाल'

गेल्या उन्हाळ्यात भावाकडे न्यू जर्सीला असताना शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमधून दोन डॉलरला एक तबकडी आणली. व्हिक्टर कंपनीची, क्रमांक १८२५५. कडेचा टवका उडालेला. वहिनी म्हणाली, "पुण्यात काय कमी आहेत का?" आजोबांचा चावीचा ग्रामोफोन माझ्याकडे आहे, त्यामुळे बोलणं ऐकून घेतलं.

ही म्हणे जॅझची बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड'नं वाजवलेली ('जॅस' हे जॅझचंच तेव्हाचं स्पेलिंग). पाचही जण न्यू ऑर्लीन्सचे, गोरे. मायक्रोफोन नव्हता, सगळे कर्ण्यासमोर वाजवत. एका बाजूला 'लिव्हरी स्टेबल ब्लूज', म्हणजे तबेल्याचं गाणं: क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो, ट्रोम्बोन हंबरतो.

मजा दुसऱ्या बाजूला आहे. 'डिक्सी जॅस बँड वन-स्टेप' या नावाखाली बारीक अक्षरांत 'दॅट टीझिन' रॅग'चा उल्लेख आणि जॉर्डन हे नाव. हे वाचलं आणि आजोबांची संगीत नाटकांची पुस्तकं डोळ्यांपुढे आली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल : अमुक' छापलेलं असायचं. उसनी घेतली, सांगून घेतली, विषय संपला. इथे मात्र सुरुवातीच्या लेबलांवर ही ओळ नव्हतीच. जो जॉर्डन या कृष्णवर्णीय संगीतकाराचा १९०९ सालचा तुकडा मधे वाजतोय, हे नंतरच्या छपाईत कबूल झालं. माझी प्रत नंतरची. संग्राहक लोक आधीची शोधतात. मला हीच बरी वाटते.

तबेल्याच्या गाण्याचं तर कोर्टात गेलं. बँडच्या मॅनेजरनं कॉपीराइटची नोंद 'बार्नयार्ड ब्लूज' नावानं केली आणि व्हिक्टरनं लेबलावर छापलं दुसरंच नाव. ही फट बघून बँडमधून आधीच बाहेर पडलेला क्लॅरिनेटवाला न्यूनेझ आणि त्याचा साथीदार वादक रे लोपेझ यांनी शिकागोच्या एका प्रकाशकाकडून तेच गाणं रेकॉर्डवरच्या नावानं छापून घेतलं. दोन्ही बाजू म्हणत होत्या, चाल आमची. १९१७ संपायच्या आत न्यायाधीश कार्पेंटर यांनी निकाल दिला : कोणाचीच नाही. स्वरलिपी वाचता न येणाऱ्यांनी मिळून बसवलेल्या चालीचा मालक कसा ठरवायचा, अशी त्यांची अडचण. आपल्याकडची अर्धीअधिक बंदिशींची भांडणं त्यांच्यापुढे न्यायला हवी होती.

म्हणजे चाल त्याच वर्षी मोकळी झाली. रेकॉर्डिंग मात्र अडकलेलं. १९७२ आधीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत केंद्रीय कॉपीराइटच नव्हता, राज्याराज्यांचे वेगळे कायदे. २०१८ साली नवा कायदा आला आणि १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ रोजी एकदम खुली झाली. तीन मिनिटांच्या या कोंबड्याला सुटायला जवळजवळ १०५ वर्षं लागली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून आजोबांच्या तबकड्यांचं मला कधी कोडं पडलं नव्हतं.

साड्यांच्या घडीत गुंडाळून आणली. टवक्यामुळे सुरुवातीचे काही वेढे गेलेत, सुई थोडी आत ठेवावी लागते. कोंबडा मात्र शाबूत आहे.