उस्मानी शिंपलाकाम, नोंद ५ : बारा पाकळ्या बसल्या

उस्मानी म्हणजे जुन्या तुर्की (ऑटोमन) पद्धतीनं लाकडात शिंपल्याचे तुकडे जडवतोय, त्यातला झाकणावरचा तारा रविवारी पुरा झाला. अक्रोडाची आठ इंची फळी, मधोमध शिंपल्याच्या बारा पाकळ्यांचा, बारा टोकांचा तारा, कडेनं शिसवाची पट्टी. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पाकळ्या खाचेत चपखल बसतात, तरी तारा मेल्यासारखा दिसतो. कारण सापडलं.

शिंपल्याची झळाळी रंगाची नसते, पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाची असते. तुकडा फिरवला की ती बदलते. मी मात्र शिंपला वाया जाऊ नये म्हणून पाकळ्या जागा मिळेल तशा आखल्या होत्या. आता प्रत्येक पाकळी ओली करून खिडकीपाशी फिरवून पाहिली आणि उजळते त्या दिशेला पाठीवर बाण काढला. बारापैकी सात नव्यानं कापाव्या लागल्या. एकीचा बाण उभा, शेजारणीचा आडवा, अशा आळीपाळीनं लावल्या. झाकण कलतं केलं की सहा पेटतात, सहा विझतात. आणखी कलवलं की उलट. संध्याकाळभर मी तेच करत बसलो होतो!

इस्तंबूलला तोपकापी राजवाड्यात बगदाद कोश्क या छोट्या महालाच्या (१६३९) शिंपला जडवलेल्या दारांसमोर हेच पाहिलं होतं, फक्त तेव्हा उमगलं नव्हतं. मी पुढे सरकलो की दारावरची नक्षीही सरकायची. १६०९ साली तिथल्याच सुलतान अहमद मशिदीचं काम हाती घेणारा वास्तुकार मेहमद आगा मुळात शिंपलाकामाचा कारागीर, म्हणून तर त्याला ‘सेदेफकार’ म्हणतात. कंपासपट्टी घेऊन बसलं की शिंपलाकाम आणि वास्तुकला या दोन विद्या एकाच घरच्या का, ते हाताला कळतं.

दमास्कसच्या कामात तुकड्याभोवती धातूची बारीक तार ठोकतात, त्यात फट झाकली जाते. मला इस्तंबूलची पद्धत हवी होती, म्हणून तार नाही. तीन ठिकाणी केसाएवढी फट राहिली, ती शिसवाचा भुसा सरसात कालवून भरली. पावसाळी हवेत सरस वाळायला दोन दिवस जास्त लागले. घाई करू नका, पाकळी उचलते.

जुन्या कामात कासवाचं कवच असे, खाली सोन्याचा वर्ख, म्हणजे पारदर्शक भागातून तो आतून तापल्यासारखा दिसे. ते कवच आज बेकायदा आहे, आणि असायलाच हवं. मी म्हशीचं शिंग तासून पातळ केलंय, खाली वर्ख. काळसर भागात काहीच दिसत नाही, पिवळट भागात मात्र मधासारखा उजेड येतो. तेवढेच तुकडे निवडून कोपऱ्यांत बसवणार.

एक कळकळीची सूचना : शिंपला कापताना, घासताना पाणी सोडत राहा, मास्क काढू नका. ती धूळ फुप्फुसाला फार वाईट.

पुढच्या रविवारी कोपरे, मग लाखेच्या पॉलिशचा पहिला हात.