एक शब्द काढून बघा

आपल्या शाळेत व्याख्या नुसत्या पाठ करून चालत नसे. गणिताचे सर एकेक व्याख्या फळ्यावर लिहायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "एक शबद काढी टाक, मंग देख काय व्हस!"

एकाच प्रतलात असलेल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा समांतर. यातले 'एकाच प्रतलात' पुसायचे आणि वर्गाकडे बघायचे. फळ्याच्या वरची छताची आडवी कड आणि मागच्या कोपऱ्यातली उभी कड कधीच भेटत नाहीत. पण त्यांना समांतर कोण म्हणेल? मूळ संख्येला 'दोनच विभाजक' म्हटले, की १ आपोआप बाहेर. 'चारही बाजू समान' एवढ्याने समभुज चौकोन होतो. चौरसाला काटकोनही सांगावा लागतो.

हे पटावे म्हणून सरांनी दहा-दहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून आणल्या. काटकोनात क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. चौकट कलती केली, कोन ३० अंशांवर आणला, तर ५०. बाजू त्याच! म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरतच नाही.

पुढे सहल पाटणादेवीला गेली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या याच पाटण्याचा. तिथे सरांनी सांगितले, की इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त आचार्यांनी नेमके हेच बजावले आहे: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा! एवढा थोर गणिती अपुऱ्या माहितीवर असा चिडतो, याचा मला तेव्हा फार आनंद झाला. अजूनही होतो.

नोकरीत जमीन मोजणीचे काम आले. शेतकरी म्हणायचे, "चारी बांध मोजले ना भाऊ, आता काढा क्षेत्र." मी आधी कर्ण मोजायचो. त्याने शेताचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण तीन बाजूंनी पक्का ठरतो. मग हेरॉनचे सूत्र: तीन बाजूंच्या बेरजेची निम्मी अर्धपरिमिती, तिच्यातून एकेक बाजू वजा करायची, त्या तीन वजाबाक्या आणि अर्धपरिमिती यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे. बाजू १३, १४, १५ मीटर असतील तर क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. लंब टाकायची गरज नाही. उभ्या कपाशीत लंब टाकणे किती जिकिरीचे, ते मोजणीवाल्यालाच ठाऊक.

शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती आहे. भिंतींवर सूत्रे रंगवणार असाल तर जरूर रंगवा, पण प्रत्येक वर्गात खिळ्यांवर हलणारी ती चार पट्ट्यांची चौकटही ठेवा. पट्ट्यांचा खर्च मी देतो.