पहिला ग्रामोफोन घेताना

ग्रामोफोन घ्यायचा म्हटलं की बरेच जण मुंबईच्या चोरबाजारात जातात आणि चकाकत्या पितळी कर्ण्यावर भाळतात. माझं ऐका, आधी त्या कर्ण्याकडेच संशयाने बघा. नवं खोकं, कुठल्यातरी पोर्टेबल, म्हणजे पेटीसारख्या उचलून नेता येणाऱ्या ग्रामोफोनमधून काढलेली मोटर आणि वर झगमगीत कर्णा अशी जोडणी ‘अँटिक’ म्हणून सर्रास विकली जाते. एचएमव्हीच्या कुत्र्याचं चित्र चिकटवलं म्हणून यंत्र अस्सल ठरत नाही.

त्यापेक्षा एचएमव्ही १०२ सारखा पेटीतला पोर्टेबल घ्या. दिसायला साधा, पण आवाज खणखणीत. पैसे देण्याआधी चावी भरा आणि तबकडीची एक अख्खी बाजू ऐका. ती जेमतेम ३ मिनिटांची असते. तेवढ्यातच गाणं रेंगाळायला लागलं तर मोटरचं काम निघणार. आतून मध्येच ‘धप्प’ आवाज आला तर बहुधा स्प्रिंगचं ग्रीस सुकलेलं असतं. ते साफ करून घेता येतं, फक्त किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. वरचे सूर चिरके येत असतील तर साउंडबॉक्समधलं, म्हणजे पीन बसते त्या गोल डबीतलं रबर दगडासारखं झालंय का ते बघा.

आणि पिनेत काटकसर नको, हे मी हात जोडून सांगतो. पोलादी पीन एका बाजूपुरतीच. लाखेच्या तबकडीवर तिचं टोक झिजतं आणि बोथट पीन खाच खरवडते. बालगंधर्वांची जुनी तबकडी अशी खरवडली की गेलीच. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली व्हिनाइलची तबकडी, तर या यंत्रावर कधीच लावू नका.