किती पाण्यात?

द्राक्षांची फळछाटणी तोंडावर आली की आमच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत उभं राहायला जागा नसते. तासगाव, पलूस, मिरज पूर्वभागातून शेतकरी मातीच्या पिशव्या आणि बोअरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सांगलीला येतात. हे काम करायला लागून मला बरीच वर्षं झाली. बाटली हातात घेतली की ईसी, म्हणजे क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप, किती येईल याचा अंदाज मी मीटर लावायच्या आधीच बांधतो. (तो चुकतोही, पण ते कुणाला सांगत नाही.)

त्या दिवशी दुपारी तासगावकडचे एक आजोबा आले. एका हातात मातीची पिशवी, दुसऱ्या हाताला नववीतली नात. नातीकडे दप्तर आणि दप्तरात पाच बाटल्या.

"सायेब, मातीचं असू दे मागनं. आधी हिचं काय ते बगा. दोन दिस झालं, हिला जेवाण सुचंना झालंय."

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा विषय होता, कोणत्या पेयात किती इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विरघळून वीज वाहून नेणारे क्षार. घरी तिने 9 व्होल्टची बॅटरी, मल्टीमीटर आणि तांब्याच्या दोन तारा घेऊन जोडणी केली होती. वही उघडून दाखवली. शहाळ्यापुढे लिहिलं होतं: 31, 26, 22, आणि त्यापुढे पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह. एकच पेय, एकच पेला, आणि आकडा दर वेळी खाली. शिवाय एका तारेवर बुडबुडे आणि तळाला हिरवट-निळसर गढूळपणा.

"काका, शहाळं खराब होतं का?"

शहाळं बिचारं चांगलंच होतं. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे साचतात, दुसऱ्या तारेचं तांबं विरघळून पाण्यात उतरतं, आणि आपण पेय मोजायच्या ऐवजी तारांची झीज मोजत बसतो. आमच्या मीटरमध्ये प्रवाह सतत उलटसुलट होत असतो, म्हणून आकडा टिकतो. तिला आधी पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाणित द्रावणात प्रोब बुडवून दाखवला. 25 अंशांना 1.413 यायला हवं, 1.41 आलं. मग ऊर्ध्वपातित पाणी, जवळजवळ शून्य. त्याच पाण्यात तिने दोन चमचे साखर ढवळली, तरी आकडा जागचा हलला नाही. साखर विरघळते, पण तिचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होत नाहीत. हे पुस्तकात तिने वाचलेलं होतं, तरी चार वेळा प्रोब बुडवून बघितला.

मग ओआरएसची बाटली. मीटर 30च्या वर गेला.

आमच्याकडे ओलिताचं पाणी सव्वादोनच्या वर गेलं की 'पिकाला देऊ नका' असा शेरा मारतो. आजोबांना तो आकडा पाठ. ते खुर्चीतून उठलेच. "ह्या पाण्यावर कुसळ बी उगवायचं न्हाई."

मला मात्र हसू आलं नाही. नीट कालवलेल्या ओआरएसची ईसी 9च्या आसपास यायला हवी. मी विचारलं, "पुडी किती पाण्यात घातलीस?"

"पेल्यात. आई तशीच करते."

तिने पुडीचं रिकामं पाकीट दप्तरात जपून ठेवलं होतं. 20.5 ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. तिने ती पाव लिटरच्या पेल्यात कालवली होती. आजोबा खाली बसले आणि जरा वेळाने म्हणाले, "बारक्याला गेल्या हप्त्यात जुलाब लागलं तवा असंच पाजलं की वो."

बारक्या आता बरा होता, खेळत होता. पण इतकं घट्ट पाणी लेकराच्या अंगात पाणी घालायच्या ऐवजी आतड्यात ओढून आणतं आणि रक्तातलं सोडियम चढवतं. मी हे सांगितलं तेव्हा आवाज जरा चढलाच असेल, कारण रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले. आजोबांनी तिथूनच घरी फोन लावला. "आगं, पुडी तांब्यात न्हाई, पेल्यात न्हाई. लिटरची बाटली घ्यायची, भरून." आमच्याकडच्या पाण्याने तिने दुसरी पुडी पूर्ण लिटरभर कालवली. 9.1.

पुढची गंमत वेगळीच. शहाळं 5.4. तिने लिटरला 3 ग्रॅम मीठ घालून केलेलं लिंबू सरबत 5.6. तिने वहीत लगेच लिहिलं, 'दोन्ही सारखेच'. मी ते खोडायला लावलं नाही, फ्लेम फोटोमीटर पेटवला. हे यंत्र द्रावणाचा फवारा ज्योतीत सोडतं. सोडियम ज्योत पिवळी करतं, पोटॅशियम फिकट जांभळी, आणि त्या उजेडावरून दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. सगळी पेयं शंभर पट पातळ केली. सरबत आत जाताच ज्योत भडक पिवळी झाली. सोडियम 12, पोटॅशियम जेमतेम 1. शहाळं बरोबर उलटं, सोडियम 2 आणि पोटॅशियम 21. ओआरएसमध्ये सोडियम 17, पोटॅशियम 8. ईसीचा मीटर नुसता क्षारांचा गठ्ठा मोजतो, गठ्ठ्यात काय बांधलंय ते नाही. तिने 'सारखेच'वर काट मारली ती इतक्या जोरात की कागद फाटला.

या भरात मी एक गाढवपणा केला. राहिलेलं ताक गाळून न घेताच नळीला लावलं. बारीक नळी तुंबली. पाऊण तास तार घालून, पाणी ओढून ती साफ करत बसलो आणि रांगेतल्या लोकांची बोलणी खाल्ली. ताकाचा रकाना तिच्या तक्त्यात अजून रिकामा आहे.

आजोबांची माती शेवटी संध्याकाळी लागली. पोरगी पडद्याकडेच बघत उभी होती. पोटॅशियम 38.

"आजोबा, शहाळ्यात 21 होतं, तुमच्या मातीत 38!"

पालाश म्हणजे पोटॅशियमचं खत. आजोबा खुलले. "मग पालाश टाकायचं वाचलं म्हन की औंदा."

तिने लगेच वहीचं मागचं पान उलटलं. "थांबा, शहाळं शंभर पट पातळ केलं होतं." आणि माझ्याकडे वळून, "काका, माती किती पाण्यात कालवली होती?"