सरांच्या गाडीचा लाल दिवा

शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये हातातलं काम संपवून हात धुत होतो, तेवढ्यात सरांचा फोन आला. आठवी ते दहावी मला गणित शिकवणारे सर.

"अरे, उद्या पहाटे कराडला निघायचंय. नातीचा साखरपुडा. आणि हा ब्रेकचा लाल दिवा परत लागलाय. येऊन जरा त्याची वायर काढून देतोस का? आल्यावर निवांत बघू."

'परत' हा शब्द मला खटकला. विचारलं तेव्हा कळलं की तीन आठवड्यांपूर्वीही लागला होता. कुणीतरी ब्रेक ऑइल भरून दिलं, दिवा विझला आणि विषय संपला. चिपळूणहून कराड म्हणजे कुंभार्ली घाट. चढताना इंजिनाची परीक्षा, येताना उतारावर ब्रेकची. म्हटलं, "सर, गाडी जागची हलवू नका. मी येतोच."

अंगणात जांभ्याच्या गडग्याला लागून गाडी उभी होती. दहा-अकरा वर्षांची छोटी गाडी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. चावी फिरवली तर दिवा एकसारखा लाल. या दिव्याला बहुतेक गाड्यांत दोन कारणं असतात: हॅण्डब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डबीतला फ्लोट, म्हणजे ऑइलच्या पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता तुकडा. हॅण्डब्रेक दोन-तीनदा ओढून सोडला, दांडी हलवून पाहिली. दिवा तसाच. मग बॉनेट उघडून डबीचा कनेक्टर काढला, त्याबरोबर दिवा विझला. म्हणजे हॅण्डब्रेकचा स्विच चांगला, फ्लोट खाली बसलेला.

"झालं ना?" सर म्हणाले. "असंच राहू दे."

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. मी कनेक्टर परत लावला. डबी जुनी होऊन पिवळी पडलेली, बाहेरून काही दिसेना. मागून बॅटरी धरली तेव्हा ऑइलची रेघ 'मिन'च्या खाली दिसली.

"सर, हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, कमी व्हायचं कारणच नाही. ब्रेक पॅड झिजतात तशी पातळी उतरते, पण त्याला हजारो किलोमीटर लागतात. तीन आठवड्यांत काठापासून तळाकडे आलं, तर ते कुठेतरी बाहेर पडतंय."

"पण पेडल तर चांगलं लागतंय."

"डबीत थोडं आहे तोवर लागेल."

सर गप्प झाले. मग चप्पल काढून गाडीच्या बाजूला खाली बसले. "शोध तू. मी बॅटरी धरतो."

पेडलच्या वर हात घालून पाहिलं, पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर कोरडा. पुढची चाकं काढली. पॅड भरपूर शिल्लक, पाइप कोरडे. मागचं उजवं चाकही कोरडं. डावं चाक काढलं आणि टायरच्या आतल्या अंगाला हाताएवढा काळपट चकाकता डाग दिसला. ड्रममागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला धूळ चिकटून चिखलासारखा थर झाला होता. बोट लावून चोळलं. पातळ, सुळसुळीत. ग्रीस असं लागत नाही. पाण्याने बोट धुतलं तर लगेच निघालं. ब्रेक ऑइलच.

पुढची चाकं परत बसवून त्यांना जांभ्याचे चिरे अडसर म्हणून लावले होते. सरांना वाटलं, तेच गाडीखालीही ठेवावेत. मी ठेवू दिले नाहीत. जांभा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधी हात घालत नाही. गॅरेजमधून लोखंडी स्टॅण्ड आणले होते, ते लावले.

ड्रम काही केल्या निघेना. त्याला दोन आटे असलेली भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत नेले, तेव्हा तो ठप्प आवाज करून सुटला. आत, त्या चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकावरची रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरने जरा उचलली मात्र, ऑइलची धार माझ्या मनगटावरून खाली आली. खालचा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा पट्टा, भिजून काळा झाला होता. सर ती धार बघत राहिले. पुसायचं फडकं त्यांनीच पुढे केलं.

भिजलेला लायनर धुऊन परत लावणारे आहेत. मला ते पटत नाही. एकदा मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा वर येतं. बाजारात जाऊन दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, लायनरचा सेट आणि सीलबंद ऑइलचा डबा आणला. गाडीतल्या डबीच्या झाकणावर डॉट ३ ही ब्रेक ऑइलची प्रत लिहिली होती, तीच घेतली. उघडा डबा कितीही भरलेला असो, मी वापरत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ते १४० च्या आसपास येतं. घाटात ब्रेक तापून त्याची वाफ झाली, तर पेडल स्पंजासारखं खाली जातं.

संध्याकाळी ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायला बसलो. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. सर ड्रायव्हरच्या सीटवर.

"दाबा सर... धरून ठेवा... आता सोडा."

एकदाही घाई केली नाही त्यांनी. मी निपल बंद केल्याशिवाय पाय उचलला नाही. आधी चहासारखं तांबूस ऑइल आलं, त्यात बुडबुडे. मग बुडबुडे थांबले आणि फिकट, स्वच्छ धार आली. चारही चाकांचं जुनं ऑइल काढलं, डबी मधून मधून भरत राहिलो. ती रिकामी झाली असती, तर हवा पुन्हा आत शिरून सगळं पहिल्यापासून.

'मॅक्स'पर्यंत भरून इंजिन चालू केलं आणि मिनिटभर पेडल जोरात दाबून धरलं. खाली सरकलं नाही. फ्लोटही तपासायचा होता, म्हणून एका सळीने तो हळूच खाली दाबला. दिवा लागला. सोडला, विझला. मग गल्लीत हळू चालवून चार-पाच वेळा थांबवली, आणि खालच्या उतारावर हॅण्डब्रेक ओढून उभी केली. जागची हलली नाही.

रात्री नऊ वाजले. बाईंनी जेवायला थांबवलं. निघताना मी मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या बरोबर खाली, वर्तमानपत्राचा एकेक कागद पसरला. "सर, निघायच्या आधी हे बघा आणि मला फोन करा. डाग दिसला तर गाडी काढायची नाही. मी माझी गाडी घेऊन येईन."

साडेपाचला फोन वाजला.

"दोन्ही कागद कोरडे आहेत. बॅटरी धरून, उलटेसुलटे करून पाहिले. निघू?"

"निघा सर," मी म्हटलं. "येताना घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा."